घरचं माणूस सीटमध्ये धरत नाहीत

पिंपळनेरच्या जीपस्टँडवर उभं राहून कुणी म्हणालं की सीट म्हणजे बसायची जागा, तर लोक त्याला परगावचा समजायचे. तिथं सीट म्हणजे माणूस. "दोन सीट उतरल्या, तीन चढल्या." "कोपऱ्यावर एक म्हातारी सीट उभी आहे, तिला घे रे." "मागच्या सीटला उलटी होते, तिला कडेला बसव." हे सगळं अगदी सरळ चेहऱ्यानं बोललं जायचं, आणि ज्याला सीट म्हटलं तोही कधी रागावला नाही. बाकीचे अर्थ होतेच म्हणा. सायकलची सीट फाटायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून लोक वर्ष ढकलायचे. निवडणुकीत कुणाची सीट यायची, कुणाची जायची. आणि ज्यांच्या घरात पोरं शिकत होती त्यांच्या तोंडी आणखी एक सीट असायची, कॉलेजातली. ती मिळाली तर गल्लीत पेढे, नाही मिळाली तर बापाचं तोंड एवढंसं.

आधारची सगळी हयात यातल्या पहिल्या सीटवर गेली. पिंपळनेर ते धुळे, व्हाया साक्री, नेर, कुसुंबा. सकाळी एक खेप, दुपारी परत. जीप जुनी, लिलावात घेतलेली, हॉर्न सोडून तिचं सगळं वाजायचं हा स्टँडवरचा जुना विनोद आधारसमोरच सांगत, आणि तोही हसायचा. पण एका बाबतीत त्याच्याशी थट्टा चालत नसे. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. ऊन असो, पाऊस असो, आत बसलेल्यांनी शिव्या घालोत, शेवटची सीट आल्याशिवाय आधार चावी फिरवायचा नाही. दाराला टेकून उभा राहायचा आणि हाळी द्यायचा, "चला साक्री, साक्री, धुळे! एक सीट, एक सीट!" आत माणसं मेथीच्या जुड्यांसारखी कोंबलेली, तरी ती एक सीट बाकीच. एकदा एक तलाठी आतून ओरडला की मला तहसीलला वेळेवर पोचायचंय. आधार म्हणाला, "रावसाहेब, मग दोन सीट तुम्हीच घ्या ना. ऐसपैस बसा." तलाठी गप्प बसला. ही गोष्ट आधार पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगायचा.

आणि बरोबरच होतं त्याचं, धंद्याच्या हिशेबानं. स्टँडवर जीपांच्या पाळ्या लागलेल्या. एकानं अर्धी गाडी घेऊन निघायचं ठरवलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांची घडी विसकटायची. म्हणून रीत म्हणजे रीत. त्या रीतीत कोण सीट आणि कोण सीट नाही हेही ठरलेलं होतं. मांडीवरचं पोर सीट नाही. पोलीस सीट नाही, तो तर देव, त्याला पुढं बसवायचं आणि गप्प राहायचं. कोंबड्यांची पाटी अर्धी सीट. आणि ड्रायव्हरच्या घरचं माणूस, बायको असो, आई असो, पोर असो, सीटमध्ये धरत नाहीत. ते आपलं सांदीकोपऱ्यात मावतं.

आधारची थोरली पोरगी सुगंधा बारावीला चांगली पास झाली होती. घरात तोवर कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बेबाबाई, म्हणजे आधारची बायको, तिला तर वाचताच येत नव्हतं, पण पोरगी रात्री मोठ्यानं धडे वाचायची तेव्हा ती चुलीपुढं बसून ऐकायची आणि मध्येच विचारायची, "मंग काय व्हयनं?" सुगंधाला मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणापासून तिचं एकच. गल्लीतली पोरं ओट्यावर बसवायची, कोळशानं भिंतीवर अक्षरं काढायची आणि काडीनं धमकवायची. अठ्ठ्याऐंशी साली तिनं डी.एड.ला अर्ज केला. धुळ्याच्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. गुण बघता सीट तिचीच होती असं शाळेतले सर म्हणाले. फक्त वेळेवर हजर राहायचं. अकरा वाजता नावं पुकारणार, नाव पुकारल्यावर जो नसेल त्याची सीट खालच्या नंबरला.

आदल्या संध्याकाळी सुगंधा म्हणाली, "आबा, मी सकायनी एसटीमा जास."

आधारला ते लागलंच. "घरनी गाडी दारमा उभी शे, आनि तू एसटीमा? लोके काय म्हनतीन? आधारनी पोर तिकीट काढीसन जास?"

बेबाबाई मध्ये पडली. "जाऊ द्या ना तिले. एसटी कशी, टाइमवर निघस."

"आनि मी काय टाइमवर निघत नही?" आधार म्हणाला. झालं. विषय संपला. त्या घरात आधारनं आवाज थोडा वर नेला की विषय संपायचा.

सकाळी सुगंधा न्हाऊन, वेणी घालून, मामानं दिलेली आकाशी साडी नेसून स्टँडवर आली. आधारनं तिला पुढं आपल्या शेजारी बसवलं, आणि जो येईल त्याला सांगत सुटला, "पोरगीना आज इंटरव्ह्यू शे. मास्तरीण हुई रायनी." त्याचं ऊर भरून आलं होतं हे खोटं नाही. एसटी स्टँडच्या फाटकाशी आली, उभी राहिली, निघून गेली. सुगंधानं मान वळवून ती जाईपर्यंत बघितली.

जीप भरली. म्हणजे जवळजवळ भरली. सुगंधा पुढं बसलेली, तिच्यासकट मोजलं तर पूर्ण. पण तिला कोण मोजणार? एक सीट बाकी होती. आणि ती सीटही ठरलेली होती, सुपडूनाना कापडवाले. नानांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की धुळ्याला यायचंय, जागा धर. नाना रोजचं गिऱ्हाईक, मोठं माणूस. आधारनं त्यांच्या नावानं मागच्या बाकावर टॉवेल टाकून ठेवला होता. नाना काही येईनात. निरोप आला, पूजेला बसलेत, निघतातच.

"आबा, निघू ना," सुगंधा हळूच म्हणाली. "उशीर हुई जाई."

"सरकारी काम शे बेटा. अकरा म्हनतस आनि बाराले बसतस. सरकारी काम, सहा महिने थांब." आधार हसला. मागच्या दोघा-तिघांनीही हसून मान डोलवली.

नाना आले ते कपाळाला गंध लावून, पान खात, सावकाश. "थांबला का रे? बरं केलंस." आणि मग टॉवेल उचलून त्यांनी मागं बघितलं, तोंड वाकडं केलं. "मागं हाडं खिळखिळी होतात बुवा." आधारनं सुगंधाकडं नुसतं बघितलं. ती उठली, मागं गेली, दोन बायकांच्या मध्ये आकाशी साडी चुरगाळत बसली. नाना पुढं बसले. आता सांगा, यात आधारनं जगावेगळं काय केलं? काहीच नाही. रोज जे करायचा तेच केलं.

साक्रीला तीन सीट उतरल्या. जीप पुन्हा उणी झाली. आणि आधार, देवानं त्याला तेव्हा कशी बुद्धी दिली कोण जाणे, सवयीनं खाली उतरला, दाराला टेकला आणि हाळी द्यायला लागला. "चला नेर, कुसुंबा, धुळे! तीन सीट, तीन सीट!" पोरगी मागं बसलीय, हातात घडी घातलेलं बोलावणं आहे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण हात जसा आपोआप गियरवर जातो तशी ती हाळी तोंडातून गेली. दोन सीट आल्या. तिसरी येईना. सुगंधा मागून एक शब्द बोलली नाही. नाना मात्र पुढून म्हणाले, "आधार, पोरीला उशीर होत नाही ना?" तेव्हा आधार म्हणाला, "होतोय नाना, आता निघतोच. एकच सीट." शेवटी एक बाई पिशव्या घेऊन आली, आणि गाडी निघाली.

धुळ्याच्या स्टँडवर पोचल्यावर सुगंधा उडी मारून उतरली आणि रिक्षाकडं पळत गेली. आधार ओरडून म्हणाला, "येऊ का संगे?" ती पळता पळताच हातानं नको म्हणाली. त्यालाही परतीचा नंबर लावायचा होता. तो गेला नाही.

दुपारी ती परत आली, स्टँडवर, जीपजवळ. केस विसकटलेले, चेहरा कोरडा. आधारनं विचारलं, "काय व्हयनं?"

"नही जमनं, आबा. मार्क कमी पडनात."

"नाव पुकारं का पन?"

"पुकारं. विचारं त्यासनी. माले सांगता उनं नही."

आधारला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात थोडं हायसं वाटणंही होतं. म्हणजे उशिरानं काही बिघडलं नाही तर. "जाऊ दे," तो म्हणाला. "नशीबमा नही व्हतं." तिला चहा पाजला, पुढं बसवलं, आणि गाडी भरायला लागला.

बेबाबाईनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "टाइमवर पोचनात ना?" आधार म्हणाला, "पोचनूत." बस्स.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू असं घरात बोलणं झालं. सुगंधा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मग वरणगावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या फॅक्टरीत कामाला, परमनंट, क्वार्टर मिळालेलं. असं स्थळ कोण सोडतं? बघायला आले तेव्हा मुलाच्या बापानं सहज विचारलं, पुढं का नाही शिकवली? आणि आधारनं, पोरगी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी असताना, हसत हसत सांगितलं, "पाठवली होती हो डी.एड.ला. पण जमलं नाही तिला. बारावीपर्यंत पाठांतर करून गेली, साहेबांसमोर तोंड उघडेना. डोकं तसं बेताचंच, खोटं कशाला बोला." मंडळी हसली. घरकामाला डोकं कशाला लागतं, असं कुणीतरी म्हणालं. सुगंधानं एकेक कप नीट हातात दिला, एक थेंब बशीत सांडला नाही.

असं तो एकदा बोलला असता तर गोष्ट वेगळी. स्टँडवर कुणाची पोर शिकतेय असा विषय निघाला की आधार आपली कहाणी सांगायचा. दरवेळी त्या कहाणीला नवं काहीतरी चिकटायचं. पुढं पुढं तर साहेबांनी काय प्रश्न विचारला आणि पोरगी कशी लटपट कापत होती हेही तो सांगायला लागला, जसा काही खिडकीतून बघत होता. यात पोरीची निंदा करावी असं त्याच्या मनात नव्हतं. बापाची थट्टा असते तशी थट्टा. पण बोललेलं खरं वाटायला लागतं, आणि त्याला ते अगदी खरं वाटत होतं.

वर्षं गेली. सुगंधाला दोन पोरं झाली. क्वार्टरमध्ये ती साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. सणावाराला पिंपळनेरला यायची, बापाला वाकून नमस्कार करायची, आईशी रात्रभर बोलायची. आधारचे केस पांढरे झाले. जीप तीच, फक्त इंजिन बदललेलं.

शहाण्णव साली पिंपळनेरजवळच्या एका गावच्या शाळेत मंदाबाई नावाच्या शिक्षिका बदलून आल्या. धुळ्याच्या. शनिवारी शाळा सुटली की आधारच्या जीपनं माहेरी जायच्या. हसतमुख, बोलक्या. एका शनिवारी त्या पुढं बसल्या होत्या, गाडी उभी होती, एक सीट बाकी होती. गप्पा चालल्या होत्या. आधारनं विचारलं, "बाई, तुम्हाला नोकरी लगेच लागली का हो?"

"नोकरी लागली लगेच, पण डी.एड.ची सीट कशी मिळाली ते ऐकाल तर हसाल," मंदाबाई म्हणाल्या. "माझं नाव वेटिंगला होतं, पहिलं. आई म्हणाली कशाला जातेस, पण गेले. बसून राहिले बाकावर. आणि वरची एक मुलगी आलीच नाही. तिचं नाव पुकारलं, परत पुकारलं, शेवटी सर म्हणाले, चला, पुढची. आणि मला बोलावलं. सही झाली, झालं ॲडमिशन."

"नशीब तुमचं," आधार म्हणाला.

"नशीबच. पण काय झालं, मी बाहेर येतेय तर ती मुलगी धावत आली. घामाघूम. सरांना म्हणाली गाडीला उशीर झाला. सर म्हणाले आता काही करता येत नाही. तिनं काही वाद घातला नाही हो. बाहेर येऊन पायरीवर बसली. मला इतकं कसंतरी झालं. मी तिच्याजवळ गेले, पाणी दिलं. तिनं विचारलं, तुमचं झालं का? मी हो म्हटलं. म्हणाली, बरं झालं. चांगलं शिकवा." मंदाबाई आधारकडं वळल्या. "तुमच्या पिंपळनेरचीच होती ती. नाव काही मला आठवत नाही. आकाशी साडी होती, अजून डोळ्यांपुढं आहे. तुम्हाला माहीत असेल का कोण ते?"

आधार म्हणाला, "नाही बाई."

मग त्यानं चावी फिरवली. मागून गाडीवरचा पोऱ्या ओरडला की भाऊ, एक सीट बाकी आहे, समोरून येतेय. आधारला ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. त्या दिवशी साक्रीलाही तो थांबला नाही. ज्यांना साक्रीला उतरायचं होतं ते बोंबलले, तेव्हा पुढं जाऊन त्यानं गाडी थांबवली, त्यांना उतरवलं, आणि रिकाम्या जागा घेऊन तसाच धुळ्याला गेला. स्टँडवर त्या आठवड्यात चर्चा होती की आधारभाऊंचं डोकं फिरलंय.

डोकं कसलं फिरतंय. त्याला एकेक गोष्ट दिसत होती, आणि ती बंद करायची सोय नव्हती. मार्क कमी पडले म्हणताना तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं होतं, ते तिला दिसलं असेल. आणि ट्रे घेऊन उभी होती तेव्हा तो म्हणाला होता, डोकं बेताचंच. बेबाबाईला सांगावं असं त्याच्या मनात कितीदा आलं. सांगितलं नाही. बेबाबाईला सांगायचं म्हणजे तिनं विचारलेल्या त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुगंधा आली. खान्देशात आखाजीला सासरी राहिलेली पोर म्हणजे आईबापाच्या जिवाला घोर, ती येतेच. गल्लीत लिंबाला झोके बांधले होते, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या. सुगंधाची पोरं तिकडं पळाली. बेबाबाई आत पुरणपोळीच्या नादात. सुगंधा ओट्यावर आंबे पिळत बसली होती. आधार तिच्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, "एक मास्तरीण बाई येतस मनी गाडीमा. मंदाबाई. त्यासनी तुले पानी दियेल व्हतं."

सुगंधाचा हात थांबला. तिनं वर बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"माले खरं कसाले नही सांगं व?" आधारचा आवाज फाटला. "मी आठ वरीस लोकेसले सांगत फिरनू. तुना सासराले सांगं. तू समोर उभी व्हती. एक शब्द बोलनी नही."

सुगंधानं आंब्याची कोय बाजूला ठेवली. हात रसानं भरलेले, ते तसेच मांडीवर अधांतरी धरले.

"तुले राग नही उना का मना?"

"उना," ती म्हणाली. "गैरा उना. आजबी येस. पोरेसना अभ्यास घेस तवय येस."

आधारनं मान खाली घातली. ती एवढं बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि बोलली ते बरंच झालं असंही वाटलं. झोक्यांवरच्या पोरींचा गलका येत होता.

"मंग सांगं का नही?"

"सांगीसन काय व्हतं आबा? गयेल सीट काय परत येती?" सुगंधा म्हणाली. तिनं आवाज वाढवला नाही. "मना तं एक दिवस गया. तुमले दुसरा दिन तीच गाडी काढनी व्हती. तीच गाडी, तोच रस्ता, रोज. ते माहीत राहतं तं तुमी कशी चालावतात?"

आतून बेबाबाईनं हाक मारली की रस झाला असेल तर घेऊन या, पानं वाढलीत. दोघंही ऐकत होते, पण उठायला कुणालाच जमेना.